गोळी लागू पडेपर्यंत

२०१८ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि माझं नाक गेलं. म्हणजे नाक होतं जागेवरच, वास गेला. करोनाचं नाव तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे वास गेला म्हणून घाबरायची पद्धतही नव्हती. मला तर ते कळलंच नाही. आधी कळलं ते आमच्या सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कंपनीच्या मॅनेजरला.

माझ्या दुकानात फवारायच्या दोन बाटल्या असतात. एकीत गुलाबपाणी, दाढी झाल्यावर गिऱ्हाईकाच्या तोंडावर मारायला. दुसरीत फिनेलचं पाणी, खुर्ची आणि फरशी पुसायला. दिसायला दोन्ही सारख्या. पण न्हावी बाटलीकडे बघत नाही, हातात घेतली की नाक सांगतं. त्या दिवशी नाक गप्प राहिलं. साहेब डोळे मिटून पडले होते. मी दोन फवारे मारले आणि पंच्यानं तोंड टिपलं.

"आप्पा, हे काय मारलंत? दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय!"

"नवीन कंपनीचं आहे साहेब," मी म्हटलं.

शेजारच्या खुर्चीवर काम करणारा रामअवध तोंडात पंचा कोंबून बाहेर पळाला. तो आझमगढकडचा, वीस वर्षांपासून माझ्या दुकानात दुसरी खुर्ची चालवतो. स्वतः पूर्ण टकला, त्यामुळे नवीन गिऱ्हाईक त्याच्याकडे बसायला कचरतं. साहेब गेल्यावर तो म्हणाला, "चाचा, आपने साहब को पोछा मार दिया."

हसलो आणि सोडून दिलं. ती पहिली खूण होती, हे मला फार उशिरा समजलं.

दिवाळी अंक काढणारी मंडळी माझ्याकडेच केस कापतात. त्यांनी सांगितलं, धंद्यातले अनुभव लिहा. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही धड नाही. पण हे मी माझ्या हातानं लिहिलंय. ओळीच्या सुरुवातीला अक्षर हरभऱ्याएवढं असतं आणि शेवटाला मुंगीएवढं होतं. तो माझ्या शिक्षणाचा दोष नाही, रोगाचा आहे. ज्यानं हे वाचून छापलं त्याच्या डोळ्यांना माझा नमस्कार.

मी मूळचा अमळनेरकडचा. सिल्वासात धाग्याच्या कंपन्या आल्या तशी आमच्याकडची माणसं इकडे आली, आणि माणसं आली तिथं न्हावी लागतोच. डोकमर्डीत दुकान टाकलं. माझ्या खुर्चीत खानदेशी कामगार बसला, पुण्या-नाशकाचा इंजिनिअर बसला, गुजराती शेठ बसला. खुर्चीला भाषा नसते. मान खाली कर म्हटलं की सगळे करतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दाढी उजव्या हातानं होते. चूक. उजवा हात नुसता वस्तरा धरतो. खरी दाढी डावा हात करतो. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणायची, ढोलाच्या पानासारखी, मग वस्तरा आपोआप सरकतो. कातडी सैल राहिली की रक्त आलंच. म्हणून न्हाव्याचा डावा हात बघून त्याची किंमत करावी.

माझा रोग डाव्या हातातूनच आला.

आधी खांदा धरला. तेल लावलं, शेक दिला. मग घरची म्हणाली, "चालताना तुमचा डावा हात हलतच नाही. खिशात नसून खिशात घातल्यासारखा दिसतो." मी म्हटलं, तू माझी चाल बघत बसतेस, दुसरा उद्योग नाही का. मग झोपेत मी लाथा मारायला लागलो, स्वप्नात कुणाशी तरी भांडायचो आणि लाथा बसायच्या तिला. तिनं अंथरूण लांब केलं. मग एक दिवस गिऱ्हाईकाच्या खांद्यावर डावा हात ठेवून मी रामअवधशी बोलत उभा होतो, तर गिऱ्हाईक म्हणालं, "आप्पा, तुमचा मोबाईल वाजतोय वाटतं."

मोबाईल गल्ल्यात होता. वाजत होता तो माझा हात. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर फिरत होती, जपमाळ ओढावी तशी.

गंमत अशी की हात रिकामा असला की हलायचा, कामाला लावला की थांबायचा. गालाला बोटं लावली, कातडी ताणली, की शांत. मी खूश. म्हटलं, देवानंच सांगितलं, रिकामा बसू नको.

पण बघणाऱ्यांना काय दिसतं? वस्तरा उघडायच्या आधी हात थरथरणारा न्हावी. आणि आमचं गाव कसलं, तर पलीकडे गुजरातेत दारूबंदी आणि इकडे खुली. संध्याकाळी वापी-भिलाडकडून गाड्या भरून माणसं फक्त घसा ओला करायला येतात. आमच्याकडे कुणाचा हात थरथरला की कुणी डॉक्टरचं नाव घेत नाही. काल जास्त झाली का, एवढंच विचारतात.

मी आयुष्यात थेंब घेतला नाही. माझा बाप सांगायचा, न्हाव्यानं पिऊ नये, दुसऱ्याचा गळा आपल्या हातात असतो. तरी गावात बोललं जायला लागलं, आप्पा म्हातारपणी प्यायला लागला.

आमच्या शेजारी बारकू राहतो, कंपनीतून रिटायर झालेला फिटर. तो खरा पिणारा. त्याचाही हात थरथरायचा. तो मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "आप्प्या, लाजू नको. मी सांगतो, क्वार्टर मार, हात दगडासारखा होतो. मी कशाला पितो? चहाचा कप तोंडापर्यंत न्यायचा म्हणून पितो."

"मी पीत नाही."

"तेच म्हणतोय मी, म्हणून हलतोय."

शेवटी घरचीनं आम्हा दोघांना एकाच रिक्षात घालून वापीला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. एकटा मी गेलो नसतो, हे तिला माहीत. बारकूला दाखवायचंय, तुम्ही सोबत चला, असं मला सांगितलं. बारकूलाही हेच सांगितलं, माझं नाव घालून.

डॉक्टर तरुण गुजराती पोरगा. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "काका, वास येतो का?" मला फिनेल आठवलं. मग म्हणाला, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर आपटा, मोठं उघडा, भराभर. म्हणजे हवेत कात्री चालवा. मला राग आला. चाळीस वर्षं कात्री चालवणाऱ्याला हा सांगतो कात्री चालव! उजव्यानं करून दाखवलं. मग डावा. सुरुवातीला बोटं चांगली उघडली. मग कमी. मग आणखी कमी. शेवटी दोन्ही बोटं नुसती एकमेकांना चिकटून धडपडत होती. मी बघत होतो. माझ्या मनानं कात्री पूर्ण उघडली होती, बोटांनी उघडली नव्हती.

बारकूला त्यानं पाण्याचा पेला उचलायला लावला. अर्धं पाणी सदऱ्यावर. मग डॉक्टरनं समजावलं. बारकूचा हात काम करताना हलतो, मांडीवर ठेवला की शांत. माझा मांडीवर हलतो, काम करताना शांत. दोन्ही वेगळे रोग. बारकूचा कंप बहुतेक घराण्यातून आलेला, दारूनं तो थोडा वेळ दबतो एवढंच, त्यासाठी पिणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं. त्याला साधं औषध मिळालं.

बारकूचा आनंद काय सांगू! "म्हणजे मला रोग आहे! मी बेवडा नाही!" त्यानं हे रिक्षावाल्याला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, सुनेला तर तीन-तीनदा सांगितलं.

माझा रोग पार्किन्सन. डॉक्टर म्हणाला, मेंदूत आत खोलवर एक लहानशी काळसर जागा असते. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन करतात. मनानं हुकूम सोडला की तो हातापायापर्यंत सुरळीत पोचवायला ते रसायन लागतं. त्या पेशी मरत जातात. हुकूम सुटतो, पण वाटेत अडकतो. म्हणून हालचाल हळू, अंग ताठ, अक्षर बारीक, आवाज बारीक.

"मग मला इतकी वर्षं कळलं कसं नाही?"

"काका, टक्कल पडतंय हे गिऱ्हाईकाला कधी कळतं?"

"निम्मं डोकं मोकळं झालं की."

"तसंच."

पोरगा हुशार निघाला. गोळी दिली. मेलेल्या पेशी परत येणार नाहीत म्हणाला, पण जे रसायन कमी पडतं ते गोळीतून मिळेल. वेळ सांभाळायची. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. दूध, डाळ, मांस-मटण यांच्यासोबत नाही, ती गोळीच्या वाटेत आडवी येतात.

मी घरचीला बजावलं, कुणाला सांगायचं नाही.

ती म्हणाली, "लोक तुम्हाला दारुडा म्हणतात ते चालतं?"

"चालतं," मी म्हटलं. आणि खरंच चालवून घेतलं. माझं गणित सरळ होतं. दारुड्या न्हाव्याकडे गिऱ्हाईक परत येतं, आज नाही तर उद्या सकाळी, उतरल्यावर. मेंदूचा रोग झालेल्या न्हाव्याकडे कोण मान पुढे करेल? दारू सुटते, असं लोक मानतात. हा रोग सुटत नाही, हे सगळ्यांना माहीत. तेव्हा थेंब न घेतलेला मी गावभर दारुडा म्हणून फिरलो आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

फक्त रामअवधला कळलं, त्याच्यापासून लपवणं अशक्य होतं. एके दिवशी दुकानाच्या दारात माझे पाय जमिनीला चिकटले. बाहेर रस्त्यावर चांगला चालत आलो आणि उंबरठ्याशी आलो तर पाय उचलेनात, कुणी खिळे मारल्यासारखे. आत रामअवध गिऱ्हाईकाचे केस कापत होता. आम्हा न्हाव्यांना सवय असते, केसाला कात्री लावायच्या आधी हवेत दोन-चार वेळा वाजवायची, कच-कच-कच. त्या तालावर माझा पाय उचलला गेला. मी आत आलो. रामअवधनं माझ्या पायांकडे बघितलं. त्यानंतर मी दारात अडकलो की तो गिऱ्हाईकाच्या डोक्यावर उगाच कात्री वाजवायचा. गिऱ्हाईकाला वाटायचं, काय मन लावून कापतोय.

चेहऱ्याचं मात्र कात्रीनं काही होईना. गिऱ्हाईकं विचारायला लागली, आप्पा रागावलात का? मी तर मनात हसत असायचो. न्हावी आयुष्यभर आरशासमोर उभा असतो, पण बघतो दुसऱ्याचं डोकं. एकदा मुद्दाम स्वतःकडे बघितलं. चेहरा पुतळ्यासारखा. हसून बघितलं, आरशातला माणूस हसायला तयार नाही. न्हाव्याचा निम्मा धंदा गप्पांवर चालतो. पुतळ्याशी कोण गप्पा मारणार?

ह्या काळात मी एका कुलकर्णी साहेबांची दाढी करायला त्यांच्या घरी जायचो. पुण्याचे इंजिनिअर, मसाटला आयुष्य गेलं, इथंच फ्लॅट घेतला. त्यांचा रोग माझ्या रोगाचा चुलतभाऊ. डॉक्टरांनी आधी पार्किन्सनच म्हटलं होतं, मग दुसरं लांबलचक नाव दिलं. त्यांचे हात थरथरत नव्हते. ते मागच्या मागे पडायचे, झाड पडावं तसे. आणि नजर खाली जायची नाही. ताटातलं जेवण दिसायचं नाही, जिन्याची पायरी दिसायची नाही. मान मागे ताठ, त्यामुळे गळ्याची दाढी करायला सोपं, असं मी म्हटलं तर ते फार हळू, घशातून हसले. त्यांनी माझा डावा हात बघितला होता. एक दिवस शब्द शोधत म्हणाले, "गोळी... लागू पडते तुला?"

"पडते साहेब."

"मला नाही पडत. मग तू... लपवतोस कशाला?"

मी साबण लावत राहिलो. साहेब त्याच हिवाळ्यात गेले.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. तीच सांगायला मी बसलोय.

अथालला योगेश राहतो. धाग्याच्या कंपनीत ऑपरेटर आहे. त्याचं जावळ मीच काढलं होतं, त्याचा बाप नवीन नवीन इकडे आला तेव्हा. आता योगेशला मुलगा झाला, त्याच्या जावळाची वेळ आली. योगेशची आई इंदूबाई, आमच्याच भागातली, नवरा गेल्यावर एकटीनं पोर वाढवलेली. ती दुकानात येऊन सांगून गेली, नातवाचं जावळ तुम्हीच काढायचं, भाऊ. मशीन फिरवणारे पोरं नको.

माझी गोळी तेव्हा चांगली बसली होती. मी हो म्हटलं. घरची म्हणाली, "तान्हं पोर आहे. टाळू अजून मऊ असते. रामअवधला पाठवा."

"इंदूबाईनं रामअवधला बोलावलं नाही."

"इंदूबाईला माहीत नाही."

"म्हणून तर बोलावलं," मी म्हटलं, आणि धोकटी भरली. नवं पातं, कात्री, वाटी, मऊ ब्रश.

मुहूर्त दहाचा. गोळी घेतल्यावर थोड्या वेळानं हात मोकळा होतो, मग काही तास चांगला, मग ओसरतो. हिशेब करून घरून गोळी घेतली आणि अथालला पोचलो तेव्हा हात माझा होता. बिल्डिंगच्या खाली पार्किंगमध्ये मांडव, रंगीत फुगे, आचारी पुऱ्या तळतोय. पोर अकरा महिन्यांचं, केस दाट, माझ्याकडे बघून हसलं. सगळं तयार. फक्त मामा नाही.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामाशिवाय वस्तरा लागत नाही. मामा निघालेला धुळ्याहून, आणि सुरतेच्या पुढे हायवेवर गाडी बंद पडलेली. दर थोड्या वेळानं फोन. "निघालोच." "मेकॅनिक आला." "आता निघालोच." दहा वाजून गेले. अकरा वाजले. पोर रडून झोपलं, उठून परत रडलं. माझ्या डाव्या हाताची जपमाळ सुरू झाली. मी तो हात मांडीखाली दाबून बसलो.

दुसरी गोळी खिशात होती. तेवढ्यात इंदूबाई मसाला दुधाचा मोठा पेला घेऊन आली. "ल्या भाऊ, तुमचा मान पहिला." न्हाव्याचा मान. नाही म्हणायला तोंड होईना, आणि का नाही ते सांगायला तर मुळीच होईना. मी तिच्यादेखत गोळी तोंडात टाकली आणि दुधासोबत गिळली. तिला वाटलं पित्ताची असेल. वर दोन पेढे खाल्ले. आग्रह मोडला नाही.

मामा आला तेव्हा बारा वाजून गेले होते. घामाघूम, शर्टाला ऑईल. टाळ्या पिटल्या, पोर मांडीवर दिलं, आणि योगेश म्हणाला, "चला आप्पा."

मी उठायला गेलो तर उठता येईना. दूध आणि पेढे गोळीच्या वाटेत आडवे पडले होते. योगेशनं हात धरून उठवलं. चार पावलं टाकली आणि मांडवाच्या खांबाशी पाय चिकटले. सगळे बघायला लागले. डावा हात आता लपवता येण्यासारखा नव्हता. धोकटीतून वस्तरा काढला, उजवा हातही जड, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

इंदूबाई पुढे आली. हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं हळूच. "भाऊ, पिसन उनात का?"

पिऊन आलात का. दुकानात हा प्रश्न मी शंभरदा गिळला होता. पण इथं तिच्या नातवाची टाळू समोर होती. पिऊन आलो म्हटलं तर तिनं मला धोकटीसकट बाहेर काढलं असतं, आणि बरोबर केलं असतं. नाही म्हणून वस्तरा लावला असता तर त्याहून वाईट. दोन्हीकडून माझी इज्जत जाणार होती, पण एकीकडून पोरही जात होतं.

"मी आयुष्यात प्यालो नाही," मी म्हटलं. आवाज बारीक, कुणाला ऐकू आला नाही. मग बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मला पार्किन्सन आहे!"

आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. कुणीतरी बाई म्हणाली, "म्हणजे काय, लागट आहे का?"

"लागट नाही. मेंदूचा रोग आहे. हात हलतो तो रोगानं. गोळी घेतली की थांबतो. गोळी तुमच्या दुधात अडकलीय. चूक माझी, मी नको म्हणायला पाहिजे होतं."

मामा पोराला छातीशी धरून उभाच राहिला. योगेशनं मोबाईल काढला. "आप्पा, रामअवधला फोन लावू का? दहा मिनिटांत येईल."

खरं तर तेच शहाणपणाचं होतं. पण माझं डोकं फिरलं. "मामासाठी सकाळपासून थांबलात," मी म्हटलं, "त्याची गाडी बंद पडली म्हणून कुणी मामा बदलला नाही. माझी गोळी लागू पडेपर्यंत थांबा."

मग मीच योगेशला म्हटलं, "पोर तुझं आहे. तू सांग. नको म्हणालास तर मी जेवून घरी जाईन, राग नाही."

योगेशनं आईकडे बघितलं. इंदूबाई माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "थांबा ते थांबा. पण मला आधी हात दाखवा. मग पोराला हात."

हे तिचं बोलणं मला आवडलं. गिऱ्हाईक असंच असावं.

वाट बघत बसलो. साध्या पाण्याशिवाय कशालाही शिवलो नाही. पुऱ्या तेलकट होऊन गार पडल्या. मामानं तेवढ्यात अंघोळ करून घेतली. बऱ्याच वेळानं बोटं जरा सुटल्यासारखी वाटली. मी म्हटलं, तो फुगा द्या.

आमच्यात नवशिक्याला माणूस देत नाहीत. फुगवलेल्या फुग्याला साबण लावतात आणि वरचा साबण वस्तऱ्यानं काढायला सांगतात. फुगा टिकला तर हात तयार झाला. योगेशनं मांडवाचा लाल फुगा सोडून आणला. मी साबण लावला, डाव्या हातानं धरला, वस्तरा टेकवला.

फटाक! पोर दचकून किंचाळलं. इंदूबाईनं देवाचं नाव घेतलं. माझ्या तोंडावर साबण.

एक पोरगी हसली आणि मग सगळा मांडवच हसला. मीही हसलो असेन, चेहऱ्यावर दिसलं नाही.

"लागू नाही पडली अजून," मी म्हटलं. "थांबा."

थांबले. मामाच म्हणाला, "थांबू ना, माझ्यापायी तर झालं हे." पोर त्याच्या मांडीवर झोपून गेलं. आणि मग आली. ज्यांना हा रोग आहे त्यांनाच हे कळेल. अंगातून आवळलेली दोरी कुणी सोडवत जावं तसं होतं. खांदा सैल झाला, मान वळली, जपमाळ थांबली. मी स्वतः उठलो, स्वतः गेलो, पिवळा फुगा घेतला. साबण लावला आणि सावकाश, वरून खाली, पूर्ण ताशला. फुगा कोरडा करून इंदूबाईच्या हातात दिला. तिनं तो फिरवून फिरवून बघितला, जसं कापड घेताना बघतात. मग म्हणाली, "आणखी एक."

दुसराही ताशला. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पोराच्या कपाळाला कुंकू लावलं.

झोपलेल्या पोराचं जावळ काढणं सोपं. आधी कात्रीनं लांब केस, मग कोमट पाणी, मग वस्तरा, टाळूभोवती फक्त पात्याच्या वजनानं. डावा हात कातडी ताणत होता आणि एकदाही चुकला नाही. एक ओरखडा नाही. पोर उठलं तेव्हा त्याच्या डोक्यावर हळद लावून झाली होती. केस दमणगंगेत सोडायला मामा घेऊन गेला. इंदूबाईनं मला पाटावर बसवून वाढलं, दूध सोडून सगळं. म्हणाली, "योगेशला दुसरं झालं की तुम्हीच."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला ठाऊक होतं की हात परत आला होता, पण माझ्या बोलावण्यावर आला नव्हता. त्याच्या मनात आलं तेव्हा आला. उद्या त्याच्या मनात काय येईल, हे मी कुणाच्याही टाळूला सांगू शकत नव्हतो. घरी आलो. घरचीनं विचारलं, कसं झालं? म्हटलं, चांगलं झालं. ती म्हणाली, मग तोंड असं का? म्हटलं, तोंड रोगाचं आहे. पण ती ओळखते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, झाडलं, देवाला उदबत्ती लावली. माझ्या खुर्चीसमोरचे वस्तरे, ब्रश आणि वाटी उचलून रामअवधच्या आरशाखाली ठेवले. तो म्हणाला, "चाचा, ये क्या?" मी म्हटलं, "रहने दे." पहिलं गिऱ्हाईक आलं, कंपनीची बस चालवणारा पाटील. नेहमीसारखा माझ्या खुर्चीत पडला, डोळे मिटले आणि दाढीसाठी हनुवटी वर केली. मी दोन बोटांनी त्याची हनुवटी खाली केली.

"दाढी आता त्या खुर्चीत," मी म्हटलं. "माझ्याकडे फक्त केस."

पाटलानं डोळे उघडले. "का हो आप्पा? काल तर म्हणे तुम्ही फुगा ताशून दाखवला. सगळ्या अथालमध्ये तेच चाललंय."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि कात्री उचलली.